शहर आणि एक्स्प्रेसवे, दोन्हीसाठी सेकंड हँड स्विफ्ट (२०१४–१७): कोणती घ्यावी, कोणती सोडून द्यावी

बजेट चार लाखांच्या आतबाहेर. आठवडाभर शहरातली ट्रॅफिक आणि महिन्यातून दोन-तीनदा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, कोल्हापूर रोड किंवा समृद्धी. अशा वापराला आमचं मत दुसऱ्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टला, त्यातही ऑक्टोबर २०१४ च्या फेसलिफ्टनंतरच्या गाडीला. अट एकच: दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवेत. ते नसतील तर हीच स्विफ्ट पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी पुढच्या गाडीकडे वळावं.

छोटी गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो. शहरापुरत्या गाडीला तो ठीक आहे. एक्स्प्रेसवेवर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, समृद्धीवर १२०. या वेगाला पुढच्या कंटेनरने अचानक लेन बदलली तर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग ऐकतं का, हे आधी बघायचं. लिटरमागे दीड-दोन किलोमीटर इकडेतिकडे झाल्याने वर्षाला जो फरक पडतो, तो एका बंपरच्या कामात निघून जातो.

स्विफ्ट इथे पुढे का, तर ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं के-सीरिज इंजिन, ८४ पीएस ताकद आणि एक टनाच्या आतलं वजन. शंभरला पाचव्या गिअरमध्ये इंजिन तीन हजारांच्या आतबाहेर फिरतं, त्यामुळे बोलताना आवाज चढवावा लागत नाही. कॅमशाफ्टला बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. म्हणजे लाख किलोमीटरच्या आसपास बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर हे इंजिन दोन लाख किलोमीटर सहज जातं, आणि सुट्या भागांसाठी जिल्ह्याच्या गावाबाहेर जावं लागत नाही. बोरघाटात चार माणसं आणि एसी चालू असताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमत नाही. वॅगनआरचं एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन तिथेच दुसरा गिअर मागतं.

उणिवाही सरळ सांगतो. डिकी २०४ लिटरची, दोन मध्यम बॅगा टाकल्या की संपली. मागची काच छोटी आणि मागचे खांब जाड, त्यामुळे पार्किंग सेन्सर नसेल तर सोसायटीत रिव्हर्स घेताना मान दुखते. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे अडतात. कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा लिटरला २०.४, प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये १२ ते १४, हायवेला नव्वद-शंभरने १७-१८ धरून चाला. त्यातून आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, त्यामुळे आणखी थोडं कमी. या सालच्या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत. म्हणून फ्युएल लाइनचे रबरी पाइप कडक किंवा भेगाळलेले आहेत का, बोनेट उघडून टॉर्चने बघावं आणि पेट्रोलचा वास येतो का तेही.

आता व्हेरियंट, कारण इथेच बहुतेक जण फसतात. जाहिरातीत नुसतं ‘स्विफ्ट व्हीएक्सआय’ लिहिलेलं असतं. झेडएक्सआयमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस मुळातच होते. खालच्या व्हेरियंटना ते नंतर पर्याय म्हणून मिळू लागले आणि अशा गाडीच्या नावापुढे कंसात ‘ओ’ असतो. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला आणि स्टेअरिंगच्या मध्यावर एअरबॅगचा शिक्का बघा, मग चावी ‘ऑन’ करून मीटरकडे लक्ष द्या. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि काही सेकंदांत विझले पाहिजेत. लागून राहिले तर दोष आहे हे सगळ्यांना कळतं. मुळीच लागले नाहीत तर जास्त गंभीर: एअरबॅग उघडून गेलेली आहे आणि दिवा मुद्दाम बंद केला आहे, ही शक्यता धरून डॅशबोर्डच्या सांध्यांवरून बोट फिरवा. नवीन झाकण बसवलं असेल तर रंगाची छटा किंवा फट वेगळी लागते.

अपघात-चाचणीचं वास्तवही माहीत असावं. एअरबॅग नसलेल्या या पिढीच्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे दिले. २०१८ ची तिसरी पिढी दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरियंटना घेऊन आली, तिला दोन तारे मिळाले. बजेट पाच लाखांपर्यंत ताणता येत असेल तर २०१८-१९ ची स्विफ्ट घ्या: व्हेरियंटचा घोळ संपतो, डिकी २६८ लिटरची होते आणि नोंदणीची वर्षंही जास्त उरतात. तिची पेट्रोलची टाकी मात्र ४२ ऐवजी ३७ लिटरची आहे.

नोंदणीच्या वर्षांचा हिशेब किंमत ठरवताना कोणी करत नाही. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची. २०१५ ची गाडी आज घेतली तर २०३० ला फिटनेस करून नोंदणी वाढवावी लागेल आणि महाराष्ट्रात त्याच वेळी पर्यावरण करही भरावा लागेल. म्हणून २०१४ आणि २०१७ च्या गाडीत तीस-चाळीस हजारांचाच फरक असेल तर २०१७ ची घ्या.

शहरात लपतं, हायवेला दिसतं

विक्रेता गल्लीत दोन चकरा मारू देतो आणि ‘एकदम मक्खन’ म्हणतो. चाळीसच्या वेगाला कुठलीही गाडी मक्खनच असते. टेस्ट ड्राइव्ह किमान पंधरा-वीस किलोमीटरची, त्यात बायपास किंवा रिंगरोडचा मोकळा पट्टा आणि एक चढ हवाच. मालक नाही म्हणत असेल तर गाडी तिथेच सोडा.

सुरुवात थंड इंजिनवर. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे. थंड असताना स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद समोरून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला, तर टायमिंग चेन किंवा टेन्शनर सैल आहे. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्या मालकाची ही खूण. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत बघा. काळसर पण पातळ थर चालतो, डांबरासारखा घट्ट गाळ चालत नाही. कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी असेल तर रेडिएटर आतून गंजत आलेला असतो, आणि उन्हाळ्यात घाटात गाडी तापून बाजूला उभी करायची वेळ येते.

बायपासला आल्यावर ८० ते १०० दरम्यान स्टेअरिंग थरथरतं का बघा. थरथर फक्त त्या टप्प्यात असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. झेडएक्सआयच्या अलॉय खड्ड्यात वाकतात, स्टीलच्या रिम ठोकून सरळ होतात. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर पुढच्या डिस्क वाकड्या झाल्या आहेत. वेगाबरोबर वाढणारी ‘हूंऽऽ’ अशी घरघर येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे वळा: वळताना आवाज कमीजास्त झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर टायर. पूर्ण स्टेअरिंग कापून हळू पुढे जाताना ‘कट कट’ आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा गेला. स्पीड ब्रेकरवर समोरून ‘टक’ असा सुटा आवाज आला तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश असतो. हे काम मोठं नाही, पण भाव पाडायला उपयोगी. खराब रस्त्यावर स्टेअरिंगच्या दांड्यातून खडखड हाताला जाणवते ती वेगळी. ती स्टेअरिंग रॅकची असेल तर खर्च चार आकड्यांत संपेलच असं नाही. फिटरला गाडीखाली घालूनच ठरवा.

क्लच तपासायला चढ हवा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तेवढ्याच वेगाने चालत राहिली तर क्लच प्लेट घसरते आहे. शहरात अर्ध्या क्लचवर चालवलेल्या गाडीत हे साठ-सत्तर हजार किलोमीटरलाच दिसतं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून साधारण आठ-दहा हजार धरा.

उतारावर उलट करा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी इंजिनच्या जोरावर उतरू द्या आणि खाली आल्यावर पुन्हा दाबा. त्या क्षणी मागून निळसर धूर निघाला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंग ऑइल खाताहेत. गल्लीत उभ्या गाडीचा रेस वाढवून हा धूर सहसा दिसत नाही.

टायर ही हायवेची सगळ्यात मोठी गोष्ट. काँक्रीटचा तापलेला रस्ता, तासभर न बदलणारा वेग, कमी हवा आणि जुनं रबर, यातूनच टायर फुटतात. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खोबण कितीही खोल दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर एक्स्प्रेसवेला नेऊ नका. चारही कोड बघा आणि स्टेपनीचाही. स्टेपनी बरेचदा गाडीच्याच वयाची निघते. खालच्या व्हेरियंटना १६५/८० आर १४ माप येतं. नवीन घालायचेच असतील तर १८५/७० आर १४ त्याच रिमवर बसतात, चाकाची उंची जवळपास तीच राहते आणि शंभरला पकड सुधारते. ॲव्हरेज किंचित उतरतं. चार टायरना साधारण अठरा ते बावीस हजार जातात. हा आकडा सौद्याच्या वेळी तोंडावर ठेवा.

पत्रा, पाणी आणि मीटर

अपघाताची गाडी ओळखायला रंग बघत बसू नका, बोल्ट बघा. बोनेट उघडल्यावर फेंडर ज्या बोल्टनी बसवलेला असतो त्यांच्या डोक्यावर कंपनीचा रंग अखंड असतो. पाना लागला की कोपरे खरवडतात. एक फेंडर बदललेला चालेल, शहरात ते होतंच. अप्रनवरचे (इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यावरचे) स्पॉट वेल्डचे गोल ठसे मात्र दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एका बाजूला ठसे नाहीत आणि सीलंट बोटाने फासल्यासारखं दिसतं आहे, म्हणजे समोरचा सांगाडा कापून जोडलेला आहे. अशी गाडी कुठल्याही भावाला नको. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्राही बघा, मागून बसलेला मार तिथे सुरकुत्यांत दिसतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, पुन्हा मारलेला दोनशेच्या पुढे, आणि पाचशे-हजार आला की आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुराची गाडी हा आपल्याकडचा खास धोका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण-महाड, शिवाय मुंबईतलं दरवर्षीचं तुंबणं. पाण्यात गेलेली गाडी विमा कंपनीकडून लिलावात जाते, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभी राहते. बाहेरून काहीच कळत नाही. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तिथे मातकट आडवी रेघ किंवा वाळलेला गाळ सापडला तर प्रश्नच मिटला. सीट मागे ढकलून रुळाचे बोल्ट बघा, कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या, स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (दोष वाचायचं यंत्र जोडतात त्याच्या) पिना हिरवट झाल्या आहेत का बघा. एवढ्या आत अत्तराचा वास येत असेल तर तोही पुरावाच समजा. बुडालेली गाडी पहिले सहा महिने चालते. मग वायरिंगचे जोड आतून सडतात आणि दिवे, पॉवर विंडो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एकेक करून त्रास देतात. एक्स्प्रेसवेच्या मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडण्याची ही सगळ्यात वाईट तऱ्हा.

मीटर मागे फिरवणं अजून चालतं. सीटच्या कडा, स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली पकड आणि पेडलचं झिजलेलं रबर आकड्याशी जुळतात का बघा, पण त्यावर थांबू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात. मालकाला सोबत नेऊन त्या काढा. २०१९ ला ७८ हजार आणि आज मीटरवर ६२ हजार, असं निघालं तर बाकी काही बघायची गरज नाही. वर्षाला दहा-बारा हजार या हिशेबाने २०१६ ची गाडी लाखाच्या आसपास असणं नैसर्गिक आहे. नोंदी असलेली एक लाखाची गाडी आम्ही नोंदी नसलेल्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही वर ठेवू.

बाकीच्या

ग्रँड आय-टेन पेट्रोल हा खरा स्पर्धक. ८३ पीएस, इथेही चेनच, डिकी मोठी, गिअर बोटाने पडतो आणि वरच्या व्हेरियंटमध्ये मागे एसीची जाळी आहे. नागपूर-अकोल्याच्या उन्हात म्हातारी माणसं मागे बसणार असतील तर हिचाच विचार करा. वेगात स्टेअरिंग हलकं आणि बोथट वाटतं, आणि एबीएस असलेली गाडी शोधावी लागते. जुनी आय-टेन १.१ स्वस्त मिळते, पण तिला टायमिंग बेल्ट आहे. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च धरूनच घ्या.

वॅगनआर (२०१० ते १८) शहराची राणी. चढायला-उतरायला तिच्यासारखी नाही. पण उंच अंग आणि अरुंद टायर, त्यामुळे समृद्धीवर उघड्या माळावरचा आडवा वारा आणि शेजारून जाणारी व्होल्वो, दोन्ही तिला हलवतात. होंडा ब्रिओचं इंजिन या सगळ्यांत गोड आहे, पण डिकी नावाला, आणि २०१९ पासून इथे बनत नसल्याने काही भागांसाठी वाट बघावी लागते. टियागो मजबूत. दोन एअरबॅगच्या टियागोला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले. सुरक्षा सर्वांत वर असेल आणि तीन सिलिंडरची थरथर चालत असेल तर स्विफ्ट सोडून ही घ्या, फक्त २०२० किंवा नंतरची बघा.

डिझेल स्विफ्ट ओढीला अप्रतिम आहे, पण महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर खरंच चालणार असेल तरच. इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांपैकी एक काम निघालं की वर्षभराची इंधनाची बचत संपते. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या तर फार स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. त्या इथे आणायच्या म्हणजे एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नोंदणी. ते जोडून मग किंमत बघा. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी) गाडी घाटातल्या ट्रॅफिकसाठी नको. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवण्याची सवय असलेल्या मालकाने तिचा क्लच जाळलेला असतो. बाहेरून बसवलेली सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी, दोन्ही कागदावर बघा.

कागद आणि पैसे

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतो. दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ‘टीटी फॉर्मवर (म्हणजे याच २९-३० वर) सह्या देतो, सावकाश करा’ हे वाक्य दोघांनाही महागात पडतं. नाव बदलत नाही तोवर कायद्याने मालक जुनाच, आणि विमा जुन्या नावावर राहिला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. विमा नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडे राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता जास्त येईल. महाराष्ट्राच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून थकलेली चलानं बघा आणि ती मालकाकडूनच भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यांच्या किमती उतरल्या. बरेच विक्रेते अजून आधीच्या भावाच्या आठवणीतच बसले आहेत. साडेतीन ते साडेचार लाखांच्या दरम्यान चांगली गाडी मिळायला हवी. साडेचारच्या वर मागत असतील तर तेवढ्यात नवीन कुठली छोटी गाडी येते ते शोरूममधून छापील कोटेशन आणून समोर ठेवा. शिवाय घेतल्या घेतल्या होणारा खर्च बाजूला काढून ठेवा: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, गरज असेल तर बॅटरी. पंचवीस हजार हाताशी असू द्या, टायर धरले तर पंचेचाळीस. ब्रेक ऑइल कोणी बदललेलंच नसतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि लोणावळ्याहून खाली उतरताना ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं खाली जातं. गाडी नावावर होण्याची वाट न बघता हे काम पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घेतल्याशिवाय टोलनाक्यावर जाऊ नका; तो चालू असेपर्यंत त्याच नंबरवर तुमचा नवीन टॅग निघत नाही.